कुठंही चालेल

अर्जात खाली एक चौकोन होता:
'देशात कुठंही चालेल.'
पेझलीच्या लायब्ररीत बसून
मी त्यात खूण केली.
जास्तीचे पैसे मिळतात म्हणून, खरं सांगते.
आणि फर्गसचं नि माझं बिनसलं होतं म्हणूनही,
पण ते अर्जात कुणी विचारलं नव्हतं.

उत्तर आलं: शेटलंड.
आईनं माझा शाळेतला अ‍ॅटलास काढला.
त्यात ती बेटं कोपऱ्यातल्या वेगळ्या चौकटीत
बखोटं धरून बसवल्यासारखी.
"मॉर्व्हन, हे तर नकाशाच्या बाहेर आहे गं."

रात्रभराची बोट. तीनदा ओकले.
मग अजून एक बोट, मग मिसेस इजबिस्टरची गाडी,
मागच्या सीटवर कुत्रा आणि लॅमिनेटर.

शाळेत एकूण एकोणीस मुलं. माझ्या वाट्याला अकरा,
तीन इयत्ता एकाच खोलीत.
दारावर पाटी: मिस लीस्क.
लीस्क बाई बत्तीस वर्षांनी निवृत्त झाल्या
पण गेल्या कुठंच नाहीत.
दुकानात ब्रेड घेताना विचारतात,
"मॅग्नी अजून खोडरबर खातो?"

खातो.

दर पाच मिनिटांचं टाचण काढायचे मी, रंगीत पेनांनी.
दुसऱ्याच आठवड्यात मैदानात मेंढा शिरला.
आठ वर्षांच्या इंगानं त्याचं शिंग धरलं
आणि फाटकाबाहेर नेऊन सोडला,
जसं आपण पाहुण्याला दारापर्यंत सोडतो.
मी बाकावर उभी होते.
त्या दिवशी वर्गात सगळे हजर,
बाई तेवढ्या गैरहजर.

मिसेस इजबिस्टर मागच्या बाकावर बसून लिहायच्या.
कागदावर एकदा एवढंच:
'थांबायला शिक.'
कशासाठी थांबायचं, ते लिहिलं नव्हतं.

मग टॅमसची वही.
वय सहा, अक्षर वाऱ्यात वाळत घातल्यासारखं.
'माझ्या बाबांची पीरी बोट आहे.'
मी लाल पेननं 'पीरी' खोडलं, वर 'छोटी' लिहिलं.
तो बराच वेळ बघत राहिला.
"छोटी नाही. पीरी आहे.
छोटी बोट दुसऱ्यांची असते."

मी पुढच्या वहीकडे वळले.
घाईत होते. टाचणात गणित होतं.

त्यानंतर सहा दिवस टॅमसनं काही लिहिलं नाही.
रोज तारीख घालायचा, खाली रेघ मारायचा
आणि पेन्सिल शेजारी नीट आडवी ठेवायचा.

सातव्या रात्री झोप येईना.
आजीचे शब्द घरून घेऊन शाळेत गेले होते मी,
आणि संध्याकाळी ते रक्ताळलेले परत आणले होते.
त्या बाईंचं नावसुद्धा आठवतं मला.
लाल पेन कधी घेतलं मी त्यांच्याकडून?

शाई खोडता येत नाही.
लीस्क बाईंकडे गेले, ओले बूट दारात काढून.
त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली
आणि चार तास शब्द दिले.
पावसालाच किती! धुक्याला वेगळे,
भरती उलटण्याआधीच्या त्या थबकलेल्या क्षणाला एक.
मी वहीत उतरवत गेले, चुकत चुकत.
त्यांनी एकही चूक खोडली नाही.

सकाळी फळ्यावर मी लिहिलं: 'माझी पीरी खोली.'
मॅग्नी हसला, इंगानं उच्चार सुधारला,
पुन्हा, पुन्हा, जीभ अजून मागं घ्या बाई.
टॅमस काही बोलला नाही.
दुपारी पेन्सिलला टोक करायला उठला, एवढंच.
मी थांबले.

डिसेंबरात तीन वाजताच अंधार.
चमकत्या जाकिटांतली मुलं रस्त्यापर्यंत सोडायची
आणि रेडिएटरवरचे हातमोजे मोजायचे:
एकवीस. नेहमी एकवीसच.
बाविसावा कुणाचा, वर्षभर कळलं नाही.

आता जून. रात्र म्हणावी अशी रात्रच होत नाही.
उमेदवारीचं वर्ष संपलं.
कायमच्या जागेचा अर्ज टेबलावर आहे,
यात तो चौकोन नाही, रिकामी ओळ आहे.

दारावर अजून मिस लीस्कच.
मॅग्नीचे वडील स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले होते,
पण स्क्रू गंजलेत.
"थंडीच्या आत काढू," ते म्हणाले.
"घाई नाही," मी म्हणाले.
थंडीत मी इथंच असणार, हे
दोघांपैकी कुणीच बोललं नाही.